वैद्यकीकडून व्यवस्थापनाकडे : अर्ज लिहिण्यापूर्वी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नालवाडीतील आमच्या चिकित्सालयात दोन वर्षांहून अधिक काळ सहायक म्हणून काम करणारी एक तरुण वैद्या सायंकाळची रुग्णतपासणी आटोपल्यावर हातात तीन-चार छापील कागद घेऊन समोर उभी राहिली. "सर, एक शिफारसपत्र हवं होतं," एवढेच म्हणाली. आम्हांस वाटले, एम.डी.च्या प्रवेशाचे काही असेल. कागद पाहिले तर ते एका व्यवस्थापन संस्थेचे होते. वर्षभराचा अभ्यासक्रम, अर्जाची अंतिम तारीख डिसेंबरात, आणि पुढे रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनात काम करण्याचा तिचा मानस.

दुसऱ्याच दिवशी तिचे वडील आले. गृहस्थांचे आयुर्वेदीय औषधांचे दुकान आहे. दुकानावर माळा चढवून मुलीसाठी चिकित्सालय काढण्याची त्यांची तयारी झालेली. खुर्चीवर बसण्यापूर्वीच ते म्हणाले, "साडेपाच वर्षं पोरीले वैद्यकी शिकवली, आता म्हणते हिशेब शिकाले जातो. सर, तुमीच समजावा तिले."

आता खरे सांगावयाचे तर तिला समजावण्यात आमचाही स्वार्थ होता. आमच्या पंचकर्म विभागाचा सारा भार तिच्यावर. ती गेली तर पुढच्या वसंतात वमनाचे रुग्ण कोण सांभाळणार, हा विचार आमच्या मनात तिच्या भवितव्याच्या विचाराआधी आला, हे कबूल केलेले बरे. त्या आठवड्यात आम्ही जो विचार केला, आणि त्यानिमित्ताने स्वतःचा जो जुना फजितीचा प्रसंग पुन्हा तपासला, तो वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधी-विक्रेत्या मित्रांपुढे ठेवावा असे वाटले.

आपल्या वर्तुळात अशा मुलामुलींविषयी दोन मते ऐकू येतात. ज्येष्ठ म्हणतात, हा शास्त्राशी द्रोह आहे. एक जागा अडवली आणि वैद्य मात्र झाला नाही. तरुण म्हणतात, एम.डी. मिळाले नाही, व्यवसाय चालत नाही, मग एम.बी.ए. तरी करू. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत, परंतु दुसरे अधिक घातक वाटते. चिकित्सेत मन रमले नाही म्हणून जो निघाला, त्याचे रुग्णालयाच्या कारभारात रमेल याची हमी कोणी द्यावी? तिथेही अखेर रुग्णच असतो, फक्त तो नाडीऐवजी कागदावर भेटतो. आणि जो निराशेने निघाला आहे तो मुलाखत घेणाऱ्यांना पाच मिनिटांत ओळखू येतो. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतलेला आहे. तो पुढे सांगतो.

ज्येष्ठांच्या आक्षेपाला उत्तर द्यायला मात्र आधुनिक ग्रंथ उघडण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी वाचला. वमन-विरेचनाची मात्रा आणि संसर्जनक्रम तेवढा लक्षात ठेवला, आणि त्याआधीचा भाग विसरलो. त्या भागात काय आहे? संशोधनासाठी गृह कसे असावे : मजबूत, वाऱ्याच्या झोतात नसलेले तरी एका बाजूने हवेशीर, जिथे धूर, ऊन, पाणी, धूळ शिरणार नाही असे. त्यात पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानाची जागा, स्वयंपाकघर. मग माणसे : स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठवणारे-बसवणारे, औषध वाटणारे, त्यांचे शील, स्वच्छता आणि कौशल्य कसे असावे हेही. रुग्णाचे मन रमावे म्हणून गाणारे आणि कथा सांगणारेसुद्धा. दुभती, निरोगी, वासरू जिवंत असलेली गाय. आणि हे सारे आधीच का जमवायचे, याचे कारणही आचार्यांनी दिले आहे. बाजार जवळ असला तरी आयत्या वेळी उपद्रव उभा राहिल्यावर औषधे तातडीने गोळा करणे सोपे नसते. औषधसाठ्याच्या नियोजनावर व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तके आज जे सांगतात, त्याचा गाभा या एका वाक्यात आहे. तेव्हा रुग्णालयाचा कारभार हा वैद्याचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्याने आधी हा अध्याय पुन्हा वाचावा.

आणि आमच्या भागात तरी असे म्हणणे शोभत नाही. नालवाडी हे वर्धा शहराला लागलेले गाव. १९३२ साली विनोबा येथे राहावयास आले. केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या देहावर येथेच केला. त्या प्रयोगात तत्त्वज्ञान होते तसे तास, सूत आणि मजुरी यांचे गणितही होते. येथून थोड्या अंतरावर मगनवाडी. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार तेथून ज्यांनी पाहिला, ते जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडनमध्ये लेखापालनाचे शिक्षण, पुढे अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात व्यवसाय-प्रशासनाची पदवी, मग कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास. आजच्या भाषेत बिझनेस स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस तेलघाणी, हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांच्या अर्थशास्त्रासाठी वर्ध्यात येऊन राहिला. व्यवस्थापनाची पदवी घेतली की माणूस पंचतारांकित रुग्णालयातच जाणार, हे गृहीतक आमच्याच जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी खोटे ठरले आहे.

आरोग्यसेवेपुरतेच बोलायचे तर सेवाग्रामचे उदाहरण आहे. कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी चालवलेली ज्वारीच्या वर्गणीची आरोग्य-विमा योजना ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, पण सुगीत ज्वारी असते; म्हणून वर्गणी सुगीत आणि ज्वारीत घ्यायची. ज्याची शेती जास्त त्याने जास्त द्यायची. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यायचे, म्हणजे फक्त आजारी माणसेच वर्गणी भरतील असे व्हायचे नाही. हा शेवटचा नियम विमाशास्त्रातील एका अवघड प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते खेड्यातील चावडीवर बसून शोधले गेले. व्यवस्थापन म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही हेच सांगतो.

असो. आता आमची फजिती.

२०११ साली आम्ही स्वतः एका नामांकित व्यवस्थापन संस्थेत अर्ज केला होता. पदवी घेऊन सहा-सात वर्षे झाली होती, चिकित्सालय बरे चालले होते, आणि एक आंतररुग्ण विभाग काढावा असे मनात होते. दहावीनंतर सुटलेले गणित रात्री अकरानंतर पुन्हा हाती घेतले. एका शिकवणीवाल्याकडून अर्जातील निबंध तपासून घेतला. म्हणजे त्यानेच तो लिहिला. त्यात आमचे 'नेतृत्व' होते, 'दूरदृष्टी' होती, नव्हते ते फक्त आमचे चिकित्सालय. मुलाखतीचे बोलावणे आले. समोर तिघे बसले होते. पहिल्याने विचारले, महिन्याला नवे रुग्ण किती येतात? आम्ही म्हणालो, बरेच येतात. दुसऱ्याने विचारले, त्यांतील दुसऱ्यांदा किती येतात? आम्ही म्हणालो, गुण आलेले येतात. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारले, तुमच्या औषधसाठ्यात या क्षणी किती रुपये अडकले आहेत? आम्ही गप्प बसलो. तेव्हा त्या सौम्यपणे म्हणाल्या, तुम्ही व्यवस्थापन शिकायला आलात, पण आज तुमच्या दवाखान्याचे व्यवस्थापन कोण करते? आम्ही खरे तेच सांगितले : "आमचा कंपाउंडर."

प्रवेश मिळाला नाही, हे सांगायला नको. त्या वेळी आम्ही त्या तिघांना आयुर्वेदद्वेष्टे ठरवून मोकळे झालो होतो. आज वाटते, त्यांनी आम्हांला आयुर्वेदाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता.

परत आल्यावर मात्र रागाच्या भरात एक वही घातली. नवा रुग्ण, जुना रुग्ण, आजार, औषध किती दिवसांचे दिले, पुन्हा केव्हा आला, आलाच नाही का. आणि दुसऱ्या वहीत औषधांची आवक, जावक, मुदत. वर्षअखेरीस ज्या गोष्टी दिसल्या त्यांनी डोळे उघडले. पहिल्या सात दिवसांच्या औषधानंतर पुन्हा न आलेल्यांचे प्रमाण आम्ही समजत होतो त्याहून कितीतरी मोठे होते, आणि त्यांतील बरेचसे दूरच्या खेड्यांतील, एस.टी.च्या वेळा न जुळणारे. त्यांना पंधरा दिवसांचे औषध आणि मधल्या काळात एक दूरध्वनी एवढे केल्यावर फरक पडला. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत पंचकर्माच्या ठरलेल्या तारखा रद्द होत. आम्ही त्याला रुग्णांचा निष्काळजीपणा म्हणत होतो. आसव-अरिष्टे टिकाऊ, त्यामुळे ती पडून राहिली तरी चालत, पण चूर्णांची मुदत त्यामानाने लवकर संपते. आणि आम्ही घाऊक सवलतीच्या मोहाने चूर्णेच जास्त घेत होतो. या वहीने आम्हांला एम.बी.ए. दिले नाही. आंतररुग्ण विभाग मात्र दिला.

म्हणून जो कोणी बी.ए.एम.एस. झालेला तरुण आमच्याकडे या मार्गाविषयी विचारायला येतो त्याला आम्ही शिकवणीचा पत्ता देत नाही, वही देतो. अर्ज चिकित्सालयात तयार होतो. शिकवणीत फार तर परीक्षा तयार होते.

परीक्षेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपल्या मुलांची दिशाभूल येथेच होते. बी.ए.एम.एस. ही पदवी भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या कॅट परीक्षेला पूर्णपणे चालते. सर्वसाधारण गटाला पन्नास टक्के गुण, आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना पंचेचाळीस टक्के पुरतात. ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते, नोंदणी साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात होते. आंतरवासितेत असलेला विद्यार्थीही बसू शकतो, मात्र प्रवेशाच्या वेळेपर्यंत पदवी पूर्ण व्हावी लागते. ज्याची आंतरवासिता सप्टेंबरात संपणार त्याने त्याच वर्षी घाई करण्यात अर्थ नाही. तीन विभाग, प्रत्येकी चाळीस मिनिटे : इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. जीवशास्त्र घेऊन आलेल्या आपल्या मुलांना गणितासाठी सहा महिने तरी हवेत. उलट उताऱ्याचे आकलन ही आपली जमेची बाजू ठरू शकते. ज्याने चक्रपाणीची टीका ओळ-ओळ लावली आहे, त्याला उतारा वाचून लेखकाचा पूर्वपक्ष कोणता आणि सिद्धान्त कोणता हे कळायला अडचण पडू नये. अडसर इंग्रजीचा आहे, तर्काचा नाही.

राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. पुण्याच्या सिंबायोसिस आरोग्यविज्ञान संस्थेत रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे, त्याला स्नॅप ही परीक्षा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला. तेथील प्रवेशपद्धती अलीकडे बदलत आली आहे, म्हणून त्या-त्या वर्षीची सूचना वाचूनच पुढे जावे. जयपूरची आय.आय.एच.एम.आर. ही १९८४ पासून याच एका विषयाला वाहिलेली संस्था. ज्यांचा चार-पाच वर्षांचा अनुभव झाला आहे आणि दोन वर्षे घराबाहेर राहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी अहमदाबाद, हैदराबाद येथे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांना जीमॅट किंवा जीआरई लागते. जीमॅटचे गुण पाच वर्षे चालतात. म्हणून व्यवसाय सांभाळून सवडीने परीक्षा देणाऱ्यास ती सोयीची. आणि आमच्या वैदर्भीय मुलांनी हेही लक्षात घ्यावे की २०१५ साली सुरू झालेली नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था आता मिहानमध्ये, म्हणजे वर्धा मार्गावर आहे. पूर्वी या शिक्षणासाठी घर सोडून दूर जावे लागे. ती सबब आता चालत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी ही एम.बी.बी.एस. पदवीधरांसाठीच आहे, तसेच रुग्णालय प्रशासनातील एम.डी.ही. 'डॉक्टरांसाठी' एवढेच वाचून आपली मुले वर्ष घालवतात. दुसरा सापळा याहून वाईट. रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदविका देणाऱ्या लहान-मोठ्या संस्था शहराशहरांत निघाल्या आहेत. मान्यता कोणाची, शिकवणारे कोण, मागच्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत, हे न विचारता पैसे भरणारे आमच्या माहितीत आहेत.

आता निबंधाविषयी, कारण आमचे घोडे तेथेच पेंड खाते. आपल्या मुलांचा कल असतो आयुर्वेद झाकण्याकडे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' असे मोघम लिहितात, पंचकर्माला 'वेलनेस' म्हणतात, जणू समोरच्याला पदवीचे नाव कळले तर प्रवेश हुकेल. याबाबतीत आम्हांस आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. कल्याणच्या या मुलीने १८८३ साली अमेरिकेत जाऊन पेनसिल्वेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केला, तेव्हा आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण करत नाही हे पत्रात मोकळेपणाने लिहिले, आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-वैद्याची गरज का आहे ते सांगितले. १८८६ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा विषय निवडला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. फिलाडेल्फियात बसून, जिथे सुश्रुताचे नाव क्वचितच कोणी ऐकले असेल. तिने जे झाकले नाही ते आपण आज कशासाठी झाकावे? प्रवेशसमितीपुढे दरवर्षी अभियंत्यांचे हजारो अर्ज येतात. ज्याने वर्धेच्या उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, बस्तीच्या रुग्णाला सांभाळले आणि दोन परिचारकांचे भांडणही मिटवले, असा अर्ज त्यांच्यापुढे किती वेळा येत असेल? फक्त ते भांडण कशावरून झाले, कसे मिटवले आणि पुढे ते होऊ नये म्हणून कामाच्या पाळ्यांत काय बदल केला, हे लिहिता आले पाहिजे.

पैशाचा विचार आई-वडिलांनी मुलांसमोर बसून करावा, पाठीमागे नव्हे. मोठ्या संस्थांचे शुल्क वीस लाखांच्या घरात आणि काही ठिकाणी त्याहून पुष्कळ वर जाते. शिवाय तेवढ्या काळात चिकित्सालयाचे उत्पन्न बंद. हे कर्ज फेडायला पहिली काही वर्षे महानगरातील नोकरीच करावी लागते, आणि ती नोकरी बहुधा आधुनिक वैद्यकाच्या रुग्णालयात, विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात किंवा औषध कंपनीत असते. परत येऊन आयुर्वेद रुग्णालय काढीन, असे निबंधात लिहिणारे किती परत येतात, हा प्रश्न खरा आहे आणि आमच्याकडे त्याचे समाधानकारक उत्तर नाही. तरीही आम्हांस असे वाटते की ते जेथे असतील तेथेही आपल्याला त्यांचा उपयोग आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या जानेवारीत परिपत्रक काढून आयुष उपचारांना इतर उपचारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे कंपन्यांना बजावले, आणि ते एप्रिल २०२४ पासून लागू झाले. आपण पेढे वाटले. पण दाव्याच्या कागदांत दररोजच्या अवस्थेची नोंद नसते, दाखल करण्याचे कारण लिहिलेले नसते, बस्ती बाह्यरुग्ण म्हणून का देता आली नाही याचा खुलासा नसतो. आणि दावा परत येतो. त्या टेबलाच्या पलीकडे योगबस्ती आणि कालबस्ती यांतला फरक जाणणारा एक जरी माणूस बसला तरी आपले निम्मे पत्रव्यवहार वाचतील. मानांकनाचे निकष ठरवताना, उपचारांचे दर ठरवताना आपली बाजू मांडणारे आजवर बहुधा एकतर उत्तम वैद्य होते ज्यांना खर्चाचा ताळेबंद मांडता येत नव्हता, किंवा उत्तम व्यवस्थापक होते ज्यांना स्नेहपानाला दिवस का लागतात हे पटत नव्हते.

औषधनिर्मितीत हे पूर्वीच घडले आहे. डाबरच्या बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांच्या हाती दिला. रुग्णालयांकडे मोठे भांडवल आता वळते आहे. २०२२ साली अपोलो समूहाने आयुर्वैद या आयुर्वेद रुग्णालयांच्या संस्थेत बहुसंख्य हिस्सा घेतला. ही रुग्णालये कोणीतरी चालवणारच. ते चालवणाऱ्यांत आपले कोणी असावे की नसावे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो ठरवण्यात पत्रिकेच्या वाचकांचा वाटा ते समजतात त्याहून मोठा आहे.

कारण सहायक वैद्य आपल्या हाताखाली असतात. आपण त्यांना रुग्ण तपासायला देतो, फार तर औषधे बांधायला. गल्ला, साठा, देणी-येणी यांपासून मात्र कटाक्षाने दूर ठेवतो. आमचे मत असे की सहायकाला सहा महिने साठ्याची वही द्यावी. औषधी-विक्रेत्यांनी मुदत संपत आलेल्या मालाची यादी एखाद्या होतकरू मुलाकडून करून घ्यावी, आणि माल पडून का राहिला याचे कारणही त्यालाच शोधू द्यावे. जो व्यवस्थापनाकडे जाईल त्याला अर्जात लिहायला काही राहील. जो जाणार नाही तो निदान आपल्यासारखा कंपाउंडरच्या भरवशावर राहणार नाही. आणि शिफारसपत्र लिहावयाची वेळ आली तर ते नीट लिहावे. आपली पत्रे कशी असतात? 'सुस्वभावी, कष्टाळू, आज्ञाधारक. उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.' हे पत्र कोणालाही लागू पडते, म्हणून कोणालाच लागू पडत नाही. संस्थांचे नमुने वेगळेच विचारतात. उमेदवाराची चूक तुम्ही कधी दाखवून दिली? त्यावर त्याने काय केले? समवयस्कांच्या तुलनेत तो कोठे बसतो? 'आज्ञाधारक' हा शब्द तर तेथे दोषात मोजला जाण्याचा संभव.

आमच्यापुढे ते कागद चार दिवस पडून होते. शेवटी तिच्या वडिलांना बोलावले आणि आमच्या दोन वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. तिने गेल्या वर्षी पंचकर्माच्या तारखा पेरणी आणि वेचणीच्या दिवसांना सोडून लावल्या होत्या, आणि शिरोधारेचे तेल किती लागते व किती वाया जाते याचा तक्ता केला होता. दुकानदार माणूस, तक्ता वाचायला त्यांना कोणी शिकवायला नको होते. बराच वेळ पाने उलटत राहिले. मग विचारले, "हे आमच्या दुकानाचं कायले नाई केलं इनं?" आम्ही म्हणालो, तुम्ही तिला कधी साठ्याची वही दिली होती का? त्यावर ते काही बोलले नाहीत. कर्जाविषयी मात्र अर्धा तास बारकाईने विचारत होते, आणि माळ्याचे काम तूर्त थांबवतो म्हणून गेले.

पत्र आम्ही त्याच रात्री लिहिले. तिची एक चूकही त्यात लिहिली : पहिल्या वर्षी एका वृद्ध रुग्णाचे स्नेहपान तिने घाईने वाढवले होते, आम्ही रागावलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक रुग्णासाठी अग्निपरीक्षणाचा एक लहान कागद तयार करून आणला, जो आजही आमच्याकडे वापरात आहे. सकाळी मसुदा तिला वाचून दाखवला. तेलाच्या बचतीचा जो आकडा आम्ही घातला होता तो तिने ऐकला, आत जाऊन वही आणली, आणि म्हणाली, "सर, इथं तुम्ही जास्त लिहिलंय. मार्चमध्ये यंत्र बंद होतं, ते दिवस धरायचे नाहीत." आम्ही आकडा खोडून तिने सांगितला तो घातला, खाली सही केली आणि नालवाडीचा शिक्का मारला.